एकावन्न मिनिटं

तर झालं असं, की सेकंड इयरला प्रॅक्टिकलमध्ये सरांनी एक प्रोग्रॅम दिला. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश टाकायचे, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरायची आणि अंतर काढायचं. सगळ्यांनी मुंबई-दिल्ली घेतलं. मी घेतलं मुंबई-नागपूर, कारण नागपूरला महालात माझी आजी राहते.

उत्तर आलं साधारण ६८५ किलोमीटर. रेल्वेने हेच ८३७! मग मी शहाणपणा केला आणि त्याला ताशी ८०० ने भागलं. एकावन्न मिनिटं! (कॉन्व्हेंटवाली असल्यामुळे हा आकडा मराठीत म्हणायला मला बोटं मोजावी लागतात, ते सोडा.)

रात्री फोनवर आजीला सांगितलं. तिचा हिशेब विदर्भ एक्सप्रेसचा. संध्याकाळी मुंबईत बसायचं, सकाळी नागपूर. ती म्हणाली, "एक्कावनच मिनिटं? मंग काहून येत नाही वं?"

मी सबमिशनचं कारण दिलं. ते खरंही होतं, पण नेहमीच खरं असतं.

जानेवारीत आजी न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. बाबांचा फोन आला तेव्हा रात्रीच्या गाड्या निघून गेल्या होत्या. ऑपरेशन सकाळी दहाला. विमान सातचं मिळालं.

पनवेलच्या हॉस्टेलवरून सव्वातीनला निघाले. मग रांगा, तपासणी, पुन्हा रांग. विमान जागेवरून हललं आणि थांबलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते, हे मला तेव्हा खिडकीतून दिसलं. पुढे विमानांची ही रांग! माझ्या प्रोग्रॅममध्ये रांग नव्हती. वर चढायला, खाली उतरायला लागणारा वेळ नव्हता. वारासुद्धा नव्हता. हिवाळ्यात वरच्या हवेत वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून नागपूरला जाताना तो मदत करतो आणि परत येताना अडवतो. त्या दिवशी मदतच करत होता म्हणायचा.

सोनेगावला उतरून हॉस्पिटलच्या दारात पोचले तेव्हा दहा पस्तीस झाले होते. आजीला आत नेलेलं होतं. बाबा बाकावर बसले होते, त्यांच्या हातात तिच्या बांगड्या.

तिथे बसून मी दुसरं काय करणार? हिशेबच केला. सात तास वीस मिनिटं. म्हणजे ताशी त्र्याण्णव किलोमीटर. समृद्धी महामार्गावर मोटारीला १२० ची मुभा आहे! आणि विदर्भ एक्सप्रेसने आदल्या संध्याकाळीच निघाले असते तर तिला आत नेण्याआधी भेटले असते. पण आदल्या संध्याकाळी ती पडलीच नव्हती. हे गणित कुठल्याच सूत्रात बसेना.

दुपारी तिला शुद्ध आली. डोळे अर्धे मिटलेले. मला बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "झाले का वं तुझे एक्कावन मिनिटं?"