खांब पुसताना

कुवेतमधल्या अहमदीत वारा फिरला की आमच्या घरातला दांडा आधी सांगतो. वायव्येचा शमाल वाहत असतो तोवर हवा भाजून काढते, पण कोरडी असते. ऑगस्टच्या सुमाराला वारा आग्नेयेकडून, समुद्रावरून यायला लागला की दार क्षणभर उघडं राहिलं तरी एसीनं गार पडलेल्या पोलादावर दव धरतं. बोटानं रेघ ओढता येईल इतकं. त्या दवावर हात टेकला तर पकड नावाची गोष्ट उरतच नाही. तळवा सरळ खाली येतो.

दांडा स्टेनलेस स्टीलचा, ४५ मिलिमीटर जाडीचा, जमिनीपासून छतापर्यंत ताणून बसवलेला. माझी मुलगी त्यावर पोल, म्हणजे दांड्यावरची कसरत, शिकते. मी स्वतः दादरला, शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात दोरीवरचा मल्लखांब शिकले. त्या मैदानावरची तांबडी माती आणि संध्याकाळचा खारा वारा माझ्या तळव्यांनी अजून सोडलेला नाही. म्हणून मुलगी दांड्याशी उभी राहिली की माझं लक्ष तिच्या पायांकडे जात नाही, तिच्या हातांकडे जातं. हात कोरडे आहेत का, गार आहेत का, आत्ताच कशाला लागले आहेत का.

मी दोरीवर असले, तरी शेजारच्या खांबाला एरंडेल चोळताना रोज बघायचे. शिसवीचं किंवा सागवानी लाकूड ते तेल पिऊन घेतं. वर राहतो तो एक दाट, जडसर लेप. त्यानं कातडी सोलवटत नाही, आणि दसरंग किंवा वेल असे डाव करताना अंग खांबावरून जिथं सरकायला हवं तिथं सरकतं. हातापायांची पकड घट्ट हवी असेल तेव्हा राळेची पूड. एकाच खांबाशी दोन्ही करायचं, सरकायचं आणि धरायचं, आणि कधी काय हे उस्तादाला नुसत्या नजरेनं कळायचं. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातल्या बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली असं परंपरा सांगते. तिचा उल्लेख त्याच्याही कितीतरी आधी, बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त आहे. इतक्या पिढ्यांनी लाकूड, तेल आणि माणसाची कातडी यांचं नातं हातानं तपासून ठरवलं.

पोलाद तेल पीत नाही. त्याच्यावर पडलेला थेंब तिथंच पसरतो. म्हणून इथं सगळा व्यवहार उलटा होतो आणि दिवसभर पुसत राहावं लागतं.

काय काय बसतं त्या दांड्यावर! सगळ्यात आधी लोशन. इथल्या हिवाळ्यात कातडी तडकते, आणि घरातलं प्रत्येक माणूस अंघोळीनंतर हातापायांना काहीतरी चोळतं. ते उतरायला तास जातात. मग स्वयंपाकघर. आमचा दिवाणखाना आणि ओटा यांच्यामध्ये एक कमान आहे, दार नाही. फोडणी तडतडली की तेलाचा अदृश्य तुषार हवेत चढतो आणि जे गार असेल त्यावर जाऊन बसतो. भजी तळली त्या संध्याकाळी दांडा डोळ्यांना स्वच्छच दिसतो, तळव्याला मात्र नाही. त्यावर शमालची धूळ, पिठीपेक्षा बारीक, खिडक्या कितीही घट्ट लावल्या तरी आत येणारी. आणि शेवटी घाम, त्यातलं मीठ आणि कातडीचे सुटलेले कण.

तेव्हा पहिलं काम साबणाचं. भांडी घासायचा पातळ साबण, एक थेंब, कोमट पाण्यात. तेलाला साबणासारखं काही नाही. पण साबणाचा स्वतःचा एक बुळबुळीत पापुद्रा मागं राहतो, आणि घाईत लोक तिथंच थांबतात. नुसत्या ओल्या फडक्यानं दोनदा पुसायचं, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं घेऊन एक हात फिरवायचा, म्हणजे तो पापुद्रा सुटतो. दांडा पितळेचा असेल तर व्हिनेगर नको. पितळ कातडीला पोलादापेक्षा छान धरतं, पण आंबटानं त्याचा रंग बदलतो. काच पुसायचं निळं पाणी चालतं, फक्त त्यात चमक आणणारं काही मिसळलेलं नसावं. फर्निचरचं पॉलिश तर दांड्याच्या जवळपासही नको. ज्यानं लाकूड झळकतं त्यानं हात सुटतो, आणि डोकं खाली असताना सुटलेला हात मानेवर येतो.

सरावाच्या आधी आणि मध्ये मध्ये स्पिरिट, सुई टोचण्याआधी कातडी पुसतात ते. ते तेलकटपणा उचलतं आणि पाहता पाहता उडून जातं, मागं काही ठेवत नाही. गॅस पेटलेला असताना मात्र बाटली उघडायची नाही. आणि ब्लीच? कधीच नाही. एकतर ते पोलादाला खातं. शिवाय व्हिनेगर लावलेल्या फडक्यावर ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद खिडक्यांच्या, एसीवर चालणाऱ्या घरात ही गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असायला हवी, दांडा असो वा नसो. फडकं जुन्या सुती साडीचं. ते धुताना कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव वापरलं तर त्याचा थर फडक्यातून दांड्यावर येतो, म्हणून ही फडकी मी वेगळी धुते. तारेची घासणी लावली की बारीक ओरखडे उठतात, आणि मांडीच्या आतल्या कातडीला ते डोळ्यांआधी कळतात.

एवढं पुसूनही कधी कधी पकड येत नाही, कारण खोट दांड्यात नसते. गार पोलादावर कोरडी कातडी घसरते. कातडी थोडी ऊबदार आणि किंचित ओलसर असली तरच मऊ पडून पोलादाला बिलगते. फार ओली झाली की पुन्हा सुटते. या दोन टोकांमधली जागा अरुंद आहे आणि कुवेतच्या हवेत ती रोज सरकते. म्हणून सरावाच्या अर्धा तास आधी मी एसी कमी करते आणि मुलगी दोन्ही तळव्यांनी दांडा वरपासून खालपर्यंत चोळून उबवते.

तळव्याची मोठी गंमत अशी, की तिथं तेलाच्या ग्रंथीच नसतात. तळव्यावरचं तेल नेहमी दुसरीकडून आलेलं असतं, चेहऱ्यावरून, केसांवरून, डब्यातून. घाम मात्र त्याचा स्वतःचा, आणि तो उकाड्यापेक्षा भीतीनं जास्त सुटतो. मुलगी पहिल्यांदा डोकं खाली करून लटकण्याच्या बेतात असताना तिचे तळवे निथळत होते आणि खोली गार होती. दांडा पुसायला लागतं ते एक मिनिट, ते तिचं थांबणं, श्वास खाली येणं, माझ्या मते त्या पुसण्याचं निम्मं काम आहे. मैदानावर आम्ही खांबाला सलामी द्यायचो, तेव्हाही हेच व्हायचं असणार.

आणि उघड्या कातडीबद्दल. पोल म्हटलं की माणसं आखूड कपड्यांवर बोट ठेवतात, आपली माणसं तर हमखास. पण मल्लखांबपटू लंगोट लावून खांबावर चढतो तो याच कारणानं. कापड घसरतं, कातडी धरते. मांडी, काख, पोटरी, कोपराची खोबण, हे सगळे धरायचे अवयव आहेत. ज्या अंगाकडे आपण लाजेनं बघायला शिकलो त्या अंगाला इथं जबाबदारी मिळते. २०१९च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. परदेशातून आलेली मुलंमुली आपल्या खांबावर चढली, आणि आपण अभिमानानं टाळ्या वाजवल्या. तोच मोकळेपणा आपल्या मुलींच्या पोलादी दांड्यालाही मिळायला हवा.

हे सगळं अहमदीत घडतं याचं मला फार अप्रूप वाटतं. १९३८ साली बुरगानला तेल लागलं, मध्ये दुसरं महायुद्ध आलं, आणि ३० जून १९४६ला पहिलं जहाज कच्चं तेल घेऊन निघालं. कुवेतचे तेव्हाचे शासक शेख अहमद अल्-जाबर यांच्या नावाचं हे गाव त्या तेलासाठी टेकाडावर वसवलं गेलं, आखीव रस्त्यांचं, बागांचं. कामाला माणसं आली त्यांत आपल्याकडची पुष्कळ होती. १९६१पर्यंत इथं व्यवहार रुपयात चालायचा. मग १९९१, आखाती युद्ध. माघार घेणाऱ्या इराकी फौजेनं सहाशेहून अधिक विहिरी पेटवल्या. भर दुपारी अंधारायचं, काजळी आणि तेलाचे थेंब खाली पडायचे, पानांवर, गाड्यांवर, भिंतींवर. शेवटची आग ६ नोव्हेंबरला विझली. त्यानंतर या गावानं किती पुसलं असेल! कुणीतरी बादली घेऊन, साबणाच्या पाण्यात फडकं पिळत, खिडकीची एकेक काच. इतिहासात त्या फडक्यांना जागा नाही, पण आज मी ज्या पारदर्शक काचेतून बाहेर बघते ती त्यांचीच.

गेल्या महिन्यात शेजारच्या मल्याळी चेचीनं, म्हणजे ताईनं, विचारलं, या वयात तिला जमेल का. जमेल, म्हटलं. त्या दिवशी सकाळपासून लोशन नको, केसांना तेल आदल्या रात्रीही नको, अंगठ्या काढून ठेव, अर्ध्या चड्डीला लाजू नको. ती मंगळवारी येणार आहे. तिच्यासाठी मी साडीचं आणखी एक फडकं फाडून ठेवलं आहे, कारण पहिल्या दिवशी तिचे तळवे निथळणार, आणि आम्ही पुष्कळदा पुसणार आहोत.