बिनबोलावलेले पाहुणे

दोस्तांनो, तुम्ही टॅबवर काहीतरी छान वाचत बसला आहात आणि मध्येच टपकन एक चौकट उघडते. ‘अभिनंदन! तुम्ही नवा फोन जिंकलात!’ ती बंद करावी, तर दुसरी हजर. बंद करायची फुली तर इतकी बारीक, की बोट नेमकं जाहिरातीवरच पडावं. आलाय ना अनुभव?

आमच्या आईला तर या जाहिरातींनी पार घाबरवून सोडलं होतं. वयामुळे पुस्तकातली बारीक अक्षरं तिला दिसत नाहीत, म्हणून टॅबवर अक्षरं मोठी करून ती रोज दुपारी वाचते. एके दिवशी पडद्यावर लाल पाटी झळकली, ‘टॅबमध्ये व्हायरस शिरलाय, ताबडतोब इथे दाबा!’ मग दर थोड्या वेळाने तेच. आपल्याच हातून काही बिघडलं असं वाटून तिने टॅब गुपचूप कपाटात ठेवून दिला. आम्हाला आठवडाभर पत्ताच नाही!

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. इंटरनेटवरचं एखादं पान तुमच्या टॅबच्या पोटात शिरून व्हायरस शोधू शकत नाही. ती पाटी म्हणजे निव्वळ थाप!

मी टॅब घेऊन बसलो. क्रोमच्या सेटिंग्जमधली ‘साइट सेटिंग्ज’ उघडली. पॉप-अप तर आधीपासूनच बंद होते. मग जाहिराती येतात कुठून? चोर सापडला ‘नोटिफिकेशन’च्या यादीत. एका अनोळखी संकेतस्थळाला सूचना पाठवायची परवानगी मिळालेली होती. अशी स्थळं गोड बोलून फसवतात, ‘तुम्ही रोबो नाही ना? मग अलाऊ दाबा.’ दाबलं, की झालं! मी ती परवानगी काढून घेतली आणि कटकट थांबली. आईचं दुपारचं वाचन पुन्हा सुरू झालं.

एवढं करूनही जाहिराती येतच राहिल्या, तर एखाद्या ॲपचा संशय घ्यावा. अँड्रॉइड टॅब ‘सेफ मोड’मध्ये सुरू केला, की आपण घेतलेली ॲप्स गप्प बसतात. तेव्हा जाहिराती थांबल्या, तर अलीकडे घेतलेली ॲप्स एकेक करून काढून पाहायची.

गंमत सांगू? या आगंतुक चौकटींचा सुरुवातीचा प्रोग्रॅम १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या इथन झुकरमन यांनी लिहिला. भलत्याच पानावर आपली जाहिरात दिसली म्हणून एक जाहिरातदार चिडला होता. तेव्हा जाहिरात पानापासून वेगळ्या चौकटीत दाखवायची, एवढाच त्यांचा हेतू. पण पुढे जगाला इतका ताप झाला, की २०१४ साली त्यांनी लेख लिहून चक्क माफी मागितली!

तेव्हा मित्रांनो, ‘अलाऊ’ दाबण्याआधी कोण विचारतंय, कशासाठी विचारतंय, ते वाचा. आणि घरातल्या आजी-आजोबांनी टॅब एकाएकी बाजूला ठेवला असेल, तर जवळ बसून कारण विचारा. रागावू मात्र नका हं! लबाडी त्या पाटीची असते, त्यांची नव्हे.