हाडांची साक्ष

मंगळवेढ्यास गावकूस कोसळून चोखोबा गाडले गेले, तेव्हा नामदेवांनी विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून त्यांच्या अस्थी ओळखल्या, अशी कथा आहे. अबोल अर्भकांची हाडेही बोलतात. १९४६ साली अमेरिकेत डॉ. जॉन कॅफी यांना सहा अर्भकांच्या क्ष-किरणचित्रांत अस्थिभंग आढळले; घरच्यांच्या हकिकतीत त्यांचे कारण नव्हते. १९६२ साली डॉ. हेन्री केम्पे यांनी अशा मारहाणीस उघड नाव दिले. परंतु हाड केव्हा मोडले हे चित्र अदमासाने सांगते. कोणी मोडले हे नव्हे. शिवाय जन्मतः ठिसूळ हाडे क्षुल्लक धक्क्यानेही मोडतात. म्हणूनच आपल्या कायद्यात वैद्याचे मत हा पुरावा आहे, निकाल नव्हे. घाईने निर्दोष माता तुरुंगात जाऊ नये आणि संकोचाने बालक पुन्हा त्याच हातांत पडू नये, यासाठी न्यायासनापाशी आम्हांस नामदेवांचे कान हवेत.