तपकिरी आवाज

"मुलासाठी बघताय का?" गिटारच्या दुकानातल्या पोरानं अगदी नम्रपणे विचारलं. काचेखाली वीस-पंचवीस पिकअप ओळीनं मांडले होते आणि साडीच्या दुकानात पदर निरखावा तशी मी त्यांच्यावर वाकले होते.

"नाही, माझ्यासाठी."

त्यानं माझ्या कुर्त्याकडे पाहिलं, मग हातातल्या पिशवीकडे. पिशवीतून कढीपत्ता डोकावत होता.

"कोणता आवाज हवाय?"

"व्हॅन हेलन. पहिला अल्बम, 1978."

मग मात्र तो काउंटरवर कोपरं टेकून उभा राहिला आणि आमची पाऊण तास चर्चा झाली. गाडीत ठेवलेलं दही तेवढ्या वेळात फुकट गेलं.

मंडळात मला ओळखणाऱ्यांना हे वाचून जरा आश्चर्य वाटेल. गणपतीत आरतीला पेटीवर बसते ती मीच. मराठीची एम. ए., लग्नाआधी सांगलीत चार वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि 2013 साली न्यू जर्सीत आल्यापासून घर, लेक आणि व्हिसाचे कागद सांभाळते. या सगळ्यात इलेक्ट्रिक गिटार कुठे बसते, तर ती बसते माझ्या दादापाशी.

आमचं घर मिरजेत, बाबा रेल्वेत. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवरच्या मित्राकडून एक कॅसेट भरून घेऊन आला. तिच्यावर बॉलपेननं फक्त 'व्ही. एच.' लिहिलेलं. मी तेव्हा बारा वर्षांची. दुसरं गाणं सुरू झालं, म्हणजे त्याला गाणं म्हणणंही चूकच, कारण त्यात शब्द नाहीत. 'इरप्शन' नावाचा पावणेदोन मिनिटांचा नुसता गिटारचा तुकडा. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय रे, टेप बिघडला का?" दादानं मात्र रिवाइंड केलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा रिवाइंड. "हा आवाज काढला कसा असेल गं?" हे वाक्य पुढची तीन-चार वर्षं आमच्या घरात रोज ऐकू येई.

त्याच्याकडे कोल्हापूरहून आणलेली साधी लाकडी गिटार होती. त्यानं जुन्या फोनच्या रिसीव्हरमधली चकती काढली, गिटारच्या पोटात चिकटपट्टीनं लावली आणि वायर टेपरेकॉर्डरच्या माइकच्या भोकात खुपसली. आवाज फाटून यायचा. त्या फाटण्यावर आम्ही दोघं खूश. चिकटपट्टी धरून ठेवायचं काम माझ्याकडे असायचं.

आता थोडं त्या आवाजाविषयी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एडी व्हॅन हेलन मूळचा हॉलंडचा. वडील डच वादक, आई इंडोनेशियातली. 1962 मध्ये हे कुटुंब दोन मुलं आणि एक पियानो घेऊन बोटीनं अमेरिकेत आलं आणि कॅलिफोर्नियात पॅसाडीनाला राहिलं. एडीला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. (पियानो घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या त्या माउलीपुढे आपण बॅगेत कोंबलेलं पुरणयंत्र काहीच नाही.) मोठेपणी त्याला हवी तशी गिटार बाजारात मिळेना. गिब्सनचा जाड, भरीव आवाज त्याला हवा होता, पण अंग हवं होतं फेंडर स्ट्रॅटोकास्टरचं, कारण तिला सूर खाली-वर वाकवणारी दांडी असते. मग त्यानं कारखान्यातून नाकारलेलं स्वस्तातलं लाकूड आणि वेगळा दांडा घेतला, स्वतः लाकूड कोरलं आणि त्यात एका गिब्सन गिटारमधून काढलेला पिकअप स्क्रूनं थेट ठोकला, तोही किंचित तिरका, म्हणजे तारा त्याच्या खिळ्यांवर नीट याव्यात. या जोडगोळीचं नाव पुढे फ्रँकेनस्टाइन पडलं. तिच्यातून येणाऱ्या आवाजाला तो 'ब्राउन साउंड' म्हणायचा. तपकिरी आवाज. दादानं याचं भाषांतर 'भाजक्या रव्याचा आवाज' असं केलं होतं आणि मला अजून त्याहून चांगलं सुचलेलं नाही.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत इवलीशी वीज तयार होते आणि ती अँपमध्ये जाते. एकाच गुंडाळीचा पिकअप घरातल्या विजेची गुणगुणही उचलतो. गिब्सनमध्ये सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरनं 1955 मध्ये दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी उलट्या जोडल्या. तारेचा आवाज दुप्पट झाला, गुणगुण एकमेकींत विरली. पेटंटसाठी अर्ज केला होता, म्हणून त्यावर तशी चिठ्ठी लावायचे, आणि त्या चिठ्ठीच्या आद्याक्षरांवरून ते जुने पिकअप आजही 'पी. ए. एफ.' म्हणूनच ओळखले जातात. तेव्हाच्या यंत्रावर वेढे मोजून आपोआप थांबायची सोय नव्हती, त्यामुळे कुणात जास्त वेढे, कुणात कमी. आमच्या आजीच्या हातच्या लाडवांसारखं.

2019 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये रॉकवाद्यांचं प्रदर्शन भरलं, त्यात ती खरी फ्रँकेनस्टाइन काचेत ठेवलेली. मी लेकीला कडेवर घेऊन फोटो काढला आणि दादाला पाठवला. त्याचा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. 6 ऑक्टोबर 2020 ला एडी गेला, तेव्हा भारतात मध्यरात्र उलटून गेलेली, तरी दादाचाच फोन आधी. त्या आठवड्यात मी एक जुनी स्ट्रॅटोकास्टर विकत घेतली. दर शनिवारी सकाळी, म्हणजे त्याच्या संध्याकाळी, तो व्हिडिओवर मला शिकवायचा. बाबा मागे खुर्चीत बसून, "तिला आधी सा धरू दे," असं म्हणायचे.

मे 2021 मध्ये बाबा गेले. कोविडच. इथून जायला विमान मिळालं असतं, पण परत यायला नसतं. त्याच आठवड्यात अमेरिकेनं भारतातून येणारी दारं लावली होती. दादानं सगळं एकट्यानं केलं. बेड शोधणं, ऑक्सिजन आणणं आणि नंतरचं सगळं. आणि मी चौथ्या दिवशी फोनवर त्याला विचारलं, "दोन दिवस आधी हलवायला काय झालं होतं?"

तो काही बोलला नाही. फोन ठेवला. मग आमचं बोलणं वहिनीमार्फत सुरू राहिलं. दिवाळीला शुभेच्छा, राखीचा फोटो, 'पोचली'. गिटार कपाटात गेली.

ती बाहेर काढली मागच्या वर्षी, जूनमध्ये. लेकीच्या शाळेला सुट्टी लागली होती आणि कपाट आवरताना केस समोर आली. वाजवून पाहिली तर आवाज कोरडा, टोकदार. मला एकदम वाटलं, हा आवाज आपण बसवायचा. त्याचा.

मार्शलचा शंभर वॅटचा अँप टाउनहाउसमध्ये लावला तर पोलीस येतील. एडी त्या अँपला व्हॅरिअ‍ॅक लावून व्होल्टेज उतरवायचा, ते करायचं तर नवरा घर सोडून जाईल. म्हणजे माझ्या हातात उरला पिकअप. पहिला निवडताना मी चुकले. एवढं गुरगुरणारं वाजतंय म्हणजे पिकअप जबरदस्त असणार, या हिशोबानं मी सगळ्यात तगडा घेतला, सिरॅमिक चुंबकाचा, भरपूर वेढ्यांचा. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून, यूट्यूब बघत डाग दिले. धुरानं अलार्म वाजला, लेक कानावर हात ठेवून अंगणात. आवाज मोठा आला, पण सगळे सूर एकमेकांना चिकटलेले, गिच्च झालेल्या साबुदाण्याच्या खिचडीसारखे.

मग कढीपत्त्याच्या पिशवीसकट दुकानात गेले, ती वर सांगितलेली हकीगत. त्या पोरानं मला एकच गोष्ट समजावली आणि तीच लाखमोलाची होती. एडीचा पिकअप बेताचाच होता. फाटणं सगळं अँपचं. पिकअपनं तार जशी आहे तशी पुढे पाठवायची. बोट कुठे हलकं पडलं, कुठे जोरात, हे त्यातून कळलं पाहिजे. तगडा पिकअप ते सगळं दाबून टाकतो.

हे ऐकताना मला मिरजेतली सतारमेकर गल्ली आठवली. शाळेत जाता-येता मी तिथे रेंगाळायची. तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा किंचित घासायचं. जवारी लावणं म्हणतात त्याला. एक कारागीर कधी कधी अर्धा दिवस एकाच घोडीवर बसलेले असायचे. हातानं काय केलं ते दिसतच नसे, फक्त आवाज उघडत जायचा.

मी घेतला तो पिकअप जुन्या पी. ए. एफ.च्या धर्तीचा, आल्निको चुंबकाचा, साधारण आठ किलो-ओहमचा. तोही वापरलेला, म्हणून परवडला. पण जुन्या पद्धतीप्रमाणे त्यात मेण भरलेलं नव्हतं, त्यामुळे आवाज चढवला की सैल वेढे स्वतःच थरथरून शीळ घालायचे. एडीलाही हाच त्रास झाला आणि त्यानं पिकअप वितळलेल्या मेणात बुडवला. असे काही पिकअप त्यानं आधी वितळवून वायाही घालवले होते. म्हणून मी थर्मामीटर घेऊन बसले. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं भांडं, त्यात पॅराफिन आणि थोडं मधमाश्यांचं मेण. पासष्ट अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर प्लास्टिकचा साचा वाकतो. पिकअप बुडवला की बारीक बुडबुडे येतात, चकली तेलात सोडल्यासारखे. ते थांबले की समजायचं, मेण आतपर्यंत गेलं. वीस मिनिटं लागली. घरभर विझलेल्या पणत्यांचा वास.

मग उंची. तारेपासून दोन मिलिमीटर, पाव आटा वर, पाव आटा खाली. अगदी जवळ नेला की चुंबक तारेला ओढतो आणि सूर डळमळतो. लांब नेला की अंग जातं. या पाव-पाव आट्यांत माझा सप्टेंबर संपला. नवरा म्हणाला, "मला काही फरक कळत नाही." मला कळत होता. एका दुपारी जाड तार छेडली आणि ती भाजक्या रव्यासारखी वाजली.

'इरप्शन' माझ्या बोटांना जन्मात यायचं नाही. सुरुवातीचे वीस सेकंद मी बसवले, हळू लयीत. मूळ रेकॉर्डबरोबर वाजवायचं धाडस मात्र एकदाही केलं नाही, लाज वाटायची.

भाऊबीजेच्या दिवशी इथल्या पहाटे उठले, तळघरात जाऊन फोनवर रेकॉर्ड केलं. सोबत लिहायला चार ओळी तयार केल्या होत्या. त्यात 'तेव्हा मी जे बोलले' अशी सुरुवात होती. ती पुन्हा पुन्हा वाचली, मग फक्त 'दादा, ओवाळणी' एवढंच लिहिलं आणि पाठवलं. ओवाळणी खरं तर भावानं द्यायची असते.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. मग काहीच नाही. मी पोळ्या केल्या, लेकीला शाळेत सोडलं, मशीन लावलं. अकरा वाजता फोन वाजला. मेसेज नव्हे, फोन. आणि वहिनीचा नव्हे.

"पिकअप कुठला घातलास?" दादानं विचारलं. हॅलोही नाही.

मी सांगितलं. मेणाचंही सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मागे मिरजेतले फटाके ऐकू येत होते.

"आवाज तोच आहे," तो म्हणाला. "पण तू सूर चढा लावलायस. ते लोक सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून वाजवायचे. एवढ्या वेळा ऐकलंस, कळलं नाही तुला?"

"नाही कळलं."

"आण गिटार. मी थांबतो फोनवर."