काड्यांचा त्रिकोण



विज्ञानाच्या तासाला मुलांनी घरून खेळणी व मोडतोड आणावी असे आमच्या शाळेत ठरले, तेव्हा काही पालकांस ते रुचले नाही. एका गृहस्थांनी मला वाटेत गाठून विचारले, "फादर, पोरं शिकायला धाडतो आम्ही. खेळायला घरचं अंगण काय थोडं आहे?" भाताच्या रोपणीच्या दिवसांतही मुलास शेतावर न नेता जो शाळेत पाठवितो, त्याला प्रत्येक तासाचा हिशेब मागण्याचा अधिकार आहे. तो हिशेब येथे देत आहे.

साहित्य म्हणजे गुल खरवडून टाकलेल्या आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या दुकानात मिळणारी बारीक रबरी व्हॉल्व्हट्यूब. नळीचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे करून त्यांच्या दोन्ही टोकांत काड्या बसवावयाच्या. चार काड्यांचा चौकोन झाला. परंतु बोटाने ढकलताच तो कलला. पंचकोनाचीही तीच गत. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलेना. बाजूंची लांबी न बदलता चौकोनाचे कोन बदलू शकतात, त्रिकोणाचे बदलू शकत नाहीत, हे मुलांच्या बोटांना आधी कळले आणि पुस्तकात मागाहून सापडले. मग चौकोनास आडवा आधार द्यावा म्हणून बाभळीच्या काट्याने कोपऱ्यातील नळ्यांस छिद्रे पाडली, तर काडी अपुरी पडली! खराट्याची लांब काडी आणावी लागली. चारही बाजू सारख्या असता कर्ण लांब का, हा प्रश्न मी न विचारताच फळ्यापर्यंत आला. इतक्यात एका मुलीने मान वर केली. मंगळूरी कौलांखालच्या कैचीत सुताराने त्रिकोणच त्रिकोण बसविले होते. सहा वर्षे ती त्याच छपराखाली बसत होती.

ही युक्ती माझी नव्हे. कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेले अभियंते श्री. अरविंद गुप्ता ह्यांनी १९७८ साली होशंगाबाद जिल्ह्यातील खेड्यांत काम करताना ती शोधली. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील बालविज्ञान केंद्रात त्यांनी अशी शेकडो खेळणी बनविली. त्या जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला होता. तीस वर्षे चालून २००२ साली शासनाने तो बंद केला. मला ह्याचे फार वाईट वाटते. खेड्यातील मुलास विज्ञानाची व्याख्या पाठ करावयास देणे सोपे. त्याच्या हाती वस्तू देऊन त्याच्या प्रश्नांपुढे उभे राहणे शिक्षकास जड जाते. बंद कपाटातील काचेच्या नळ्या, माझ्या मते, परीक्षकांना दाखविण्यापुरत्याच असतात.

पुढची पाळी गुंडीची. गुंडीत दोरा ओवून, पीळ देऊन ताणला की ती गरगरते. स्वतःच्या वेगाने पुढे जाऊन दोऱ्यास उलट पीळ घालते आणि पुन्हा ताणताच उलट फिरते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मनू प्रकाश व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१७ साली ह्याच खेळण्यावरून कागदी चकती केली. ती मिनिटास सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत वेग घेते आणि विजेवाचून, दीड मिनिटात रक्तातील पेशी व द्रव वेगळे करते.

येत्या शनिवारी मुलांना गुंड्या आणावयास सांगितले आहे. दोन छिद्रांची बरी की चार छिद्रांची, ह्यावर आतापासूनच वाद जुंपला आहे.