एका व्हरांड्याची वाटणी

प्राथमिक आरोग्य केंद्र ही ग्रामीण भागात डॉक्टर भेटण्याची पहिली सरकारी जागा. सपाट प्रदेशात साधारण ३०,००० आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, असा त्याचा मापदंड आहे. नागपूर जिल्ह्यात मौदा, कुही, रामटेकच्या धानपट्ट्यापासून काटोल, नरखेडच्या संत्राबागांपर्यंत अशी केंद्रे पसरलेली आहेत. इमारती बहुधा एकाच धाटणीच्या असतात. पुढे व्हरांडा, त्यात केसपेपरची खिडकी, लगत तपासणीची खोली आणि औषधांची खिडकी. मागे प्रसूतिकक्ष आणि मोजक्या खाटांचा वॉर्ड. तापाने फणफणलेला मजूर, कुत्रा चावलेले पोर, आठव्या महिन्यातली बाई आणि बीपीच्या गोळ्या न्यायला आलेले आजोबा, सगळ्यांची वाट त्याच व्हरांड्यातून जाते. एरवी ही सोय असते. श्वासातून पसरणारी साथ आली की हाच व्हरांडा केंद्रातली सर्वांत धोक्याची जागा ठरतो.

प्रस्तुत लेखिका धानपट्ट्यातल्या अशाच एका केंद्रात परिचारिका होती. पुढील विवेचन कोविडच्या साथीत तिथे जे केले गेले, जे चुकले आणि जे नंतर सुधारले त्यावर आधारलेले आहे.

नागपुरात पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला. १३ मार्चपासून राज्यात १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला आणि २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या सुरुवातीच्या दिवसांत घशातला नमुना नागपूरच्या मेयो रुग्णालयातील प्रयोगशाळेकडे जाई आणि अहवालाची वाट पाहावी लागे. गावाकडच्या केंद्राने काय करावे याची परिपत्रके येत होती, पण त्यांतली बरीचशी मोठ्या रुग्णालयांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली होती. वेगळा वॉर्ड करा, वेगळे प्रवेशद्वार ठेवा, असे त्यांत म्हटलेले असे. ज्या इमारतीला दारच एक आहे, तिने काय करावे हे तिथल्या माणसांनाच ठरवायचे होते.

मार्चच्या अखेरीस केंद्रात एक चूक झाली. गरोदर मातांच्या तपासणीचा दिवस होता. पुण्याहून गावी परतलेला एक तरुण ताप-खोकला घेऊन आला, त्याने रांगेत केसपेपर काढला आणि तो मातांच्या शेजारच्या बाकावर सुमारे तासभर बसून राहिला. बाकावर अंतराच्या खुणा रंगवलेल्या होत्या. कुणाचे त्यांच्याकडे लक्ष गेले नाही, ना बसणाऱ्यांचे, ना कर्मचाऱ्यांचे. तरुणाचा नमुना पाठवला गेला आणि अहवाल नकारात्मक आला, परंतु तो येईपर्यंतचे दोन दिवस त्या बाकावर बसलेल्या प्रत्येक बाईचे नाव आणि तिचा महिना लेखिकेच्या डोक्यात घोळत होता. रुग्णाला गाळून घेण्याचे काम केसपेपरच्या खिडकीपाशी करणे म्हणजे ते उशिरा करणे, हे त्या दिवशी कळले. खिडकीपर्यंत पोचलेला माणूस गर्दीत मिसळलेला असतो.

तेव्हापासून निवड फाटकावर सुरू झाली. आवारातल्या कडुनिंबाखाली एक टेबल मांडले गेले. तिथे आरोग्यसेवक बसे आणि प्रत्येकाला तेच प्रश्न विचारी: ताप, खोकला, घसा, धाप, वास-चव गेली का, घरात कुणी आजारी आहे का, बाहेरगावाहून कुणी आले का. शेवटचा प्रश्न शक्य तितक्या मऊ आवाजात विचारावा लागे. आलेल्या पाहुण्याचे नाव सांगितले तर त्याला उचलून शहरात नेतील आणि घराभोवती बांबू बांधतील, ही भीती गावोगाव होती. दरडावून विचारले की उत्तर नेहमी ‘कोणी नाही’ असेच येई. म्हणून गावातल्या आशाताईला (आशा स्वयंसेविकेला) टेबलाजवळ बसवणे सर्वांत उपयोगी ठरले. तिला घरे ठाऊक असतात आणि तिच्यासमोर माणूस सहसा खोटे बोलत नाही.

कपाळाकडे रोखून धरायच्या तापमापकाने पहिल्या आठवड्यांत बराच गोंधळ घातला. नागपूरकडच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो. दोन किलोमीटर उन्हात चालत आलेल्या माणसाचे कपाळ तापलेलेच असते आणि तापमापक ते ताप म्हणून दाखवतो. उलट घामाने ओले झालेले कपाळ खरा ताप लपवते. उपाय साधा होता: प्रत्येकाने आधी झाडाखाली बसावे, घाम पुसावा, पाणी प्यावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी मोजणी व्हावी. शंका आली तर काखेतला तापमापक. बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरचेही तसेच. नेलपेंट किंवा मेंदीचा गडद थर असला तर आकडा चुकू शकतो. म्हणून दुसरे बोट, दुसरा हात, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबणे. एकदाच पाहून नोंद करणे टाळले गेले.

ताप-खोकल्याच्या रुग्णांना त्यानंतर व्हरांड्यात पाऊलच ठेवावे लागत नसे. आवाराच्या दुसऱ्या बाजूला, वाहनाच्या शेडखाली, त्यांची तपासणी होई आणि औषधही तिथेच हातात दिले जाई. ही जागा गरजेपोटी निवडली गेली होती, पण पुढे विज्ञानाने तिचीच बाजू घेतली. हा विषाणू बंद खोलीतल्या हवेत तरंगत राहतो हे २०२१ पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्टपणे मान्य केले. उघड्या शेडमधले वारे कोणत्याही फवारणीपेक्षा जास्त काम करत होते. तपासणीच्या खोलीत मात्र उन्हाळ्यात प्रश्न उभा राहिला. विदर्भात कूलरशिवाय मे महिना काढता येत नाही, आणि खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच हवा गरगर फिरवत राहतो. खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो; समोरची खिडकी सताड उघडी ठेवली तर खोलीतली हवा सतत बदलत राहते. कूलर दोन हात सरकवण्याने झालेला हा बदल कोणत्याही खरेदीच्या यादीत नव्हता.

स्वच्छतेच्या बाबतीत त्या काळात उत्साह फार आणि विचार थोडा होता. फरशी आणि बाक एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटने पुसले जात. ते नसेल तर ब्लीचिंग पावडरचे द्रावण चाले, पण उन्हाळ्यात त्यातला क्लोरीन झपाट्याने उडतो, म्हणून ते रोज सकाळी ताजे करणे आवश्यक असते. बीपीचे यंत्र, स्टेथोस्कोप अशा वस्तूंना अल्कोहोल, कारण क्लोरीनने धातू गंजतो. काही गावांत माणसांवरच औषध फवारण्याची मागणी झाली. केंद्र शासनाने एप्रिल २०२० मध्येच याविरुद्ध सूचना दिली होती. अशा फवारणीने डोळे आणि कातडी जळते, विषाणू मात्र नाकातच राहतो. वापरलेले मास्क आणि पीपीई किट दुहेरी पिवळ्या पिशवीत बांधून वेगळे ठेवले जात. ते बांधण्याचे काम सफाई करणाऱ्या मावशींकडे होते. किट वाटताना मात्र त्यांचे नाव यादीत सर्वांत खाली असे. ही व्यवस्थेची चूक होती. त्यांना डॉक्टरइतकेच चांगले हातमोजे मिळावेत यासाठी केंद्रातल्या परिचारिकांना भांडावे लागले.

बाळंतपणे थांबत नाहीत. टाळेबंदीतही प्रसूतिकक्ष चोवीस तास चालू होता, आणि केंद्रात रुग्णसुरक्षेची खरी परीक्षा तिथेच झाली. एप्रिल २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) सांगितले की दाट प्रादुर्भावाच्या किंवा प्रतिबंधित क्षेत्रातल्या, पाच दिवसांत प्रसूती होऊ घातलेल्या बाईची लक्षणे नसली तरी चाचणी व्हावी. चाचणीसाठी प्रसूती अडवू नये, हेही आयसीएमआरने सांगितले होते. कळा सुरू झालेल्या बाईला अहवाल नाही म्हणून दारातून परत पाठवल्याच्या गोष्टी तेव्हा कानावर येत. या केंद्रात उलटा नियम केला गेला: अहवाल नसलेल्या प्रत्येक बाईला बाधित समजून सगळी काळजी घ्यायची आणि तिला आत घ्यायचे. प्लॅस्टिकचा किट घालून मे महिन्यात बाळंतपण करणे म्हणजे दोन तासांत आतले कपडे पिळून काढण्याइतके भिजणे. चष्म्यावर वाफ धरते, टाका घालताना बोटे घसरतात. म्हणून दोघी परिचारिकांपैकी एकीने आत उभे राहायचे आणि दुसरीने दाराशी, थंडाव्यात, बदलीला तयार राहायचे असे ठरले. थकलेल्या हातांनी होणारी चूक हाही बाळंतिणीला धोकाच असतो. बाधित आईने मास्क लावून, हात धुऊन बाळाला अंगावर पाजावे असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेचा होता. सासरची मंडळी बाळाला वरचे दूध द्यायला निघत, आणि त्यांना समजावण्यात प्रसूतीइतकाच वेळ जाई.

साथीतला दुसरा धोका व्हरांड्यात दिसत नव्हता, कारण तो न आलेल्या माणसांचा होता. ओपीडीची नोंदवही अर्ध्यावर आली तेव्हा प्रथम सुटल्यासारखे वाटले. मग जाणवले की मधुमेहाचे, रक्तदाबाचे, क्षयाचे रुग्ण भीतीने घरी बसले आहेत. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. गोळ्यांत खंड पडला तर त्यांना वेदनेचा झटका येऊ शकतो. नोंदवहीतून नावे काढून दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आशाताईंच्या हाती एकदम पोचवण्याची पद्धत सुरू झाली. बालकांचे लसीकरण काही काळ थांबले होते. ते परत सुरू करताना एका वेळी चार-पाच आयांनाच बोलावले जाई. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली आणि सर्पदंश आले. तिथे नियम एकच होता: प्रतिविष आधी, कोविडची चाचणी नंतर.

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम झाली. पथके घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजनची पातळी मोजत. या मोहिमेचा मोठा लाभ असा की घरातल्या मधुमेही आणि दमेकऱ्यांची यादी केंद्राच्या हाती आली. पुढच्या वर्षी ती फार उपयोगी पडली.

दुसरी लाट फेब्रुवारी २०२१ मध्ये विदर्भात आधी उठली. एप्रिलमध्ये नागपूर जिल्ह्यात एका दिवसात ७,००० हून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. शहरात खाट मिळत नव्हती, त्यामुळे जे रुग्ण एरवी तासाभरात नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात पाठवले गेले असते ते केंद्रातच थांबत. ऑक्सिजनची पातळी ९४ च्या वर असली तरी रुग्णाला सहा मिनिटे चालवून पुन्हा मोजले जाई. चालल्यावर आकडा घसरला तर तो बसून दिसणाऱ्या आकड्यापेक्षा जास्त आजारी आहे असे समजायचे. पालथे झोपवणे ही बिनखर्चाची आणि खरोखर उपयोगी गोष्ट होती.

ऑक्सिजनचा हिशेब त्या दिवसांत भिंतीवर लिहिलेला असे. जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू असतो: मिनिटाला ५ लिटरने तो तेवीस तास पुरतो, १५ लिटरने आठ तासही नाही. लहान सिलिंडर सुमारे १,५०० लिटरचा, १० लिटरने अडीच तासांचा. रुग्णवाहिका निघण्यापूर्वी हे गणित करायचे आणि ज्या रुग्णालयात जायचे तिथे खाट असल्याची खात्री फोनवर करून घ्यायची, हा नियम एका वाईट रात्रीनंतर पक्का झाला. त्या रात्री एक रुग्ण नागपुरात दोन ठिकाणी दारातूनच परत फिरला, सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात आला आणि गाडी पुन्हा केंद्राकडे वळवावी लागली. रुग्ण वाचला. २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून द्रवरूप ऑक्सिजनचे टँकर घेऊन रेल्वे नागपुरात आली, तेव्हा इतक्या दूरच्या खेड्यातही लोक ती बातमी एकमेकांना सांगत होते.

त्याच आठवड्यांत लसीकरणाची गर्दीही होती. आरोग्य कर्मचाऱ्यांना १६ जानेवारीपासून आणि साठीच्या पुढच्यांना १ मार्चपासून लस मिळू लागली होती. लस घ्यायला आलेले निरोगी वृद्ध आणि तपासणीला आलेले बाधित एकाच आवारात, हा मार्च २०२० मधल्या बाकाचाच प्रकार होता. लसीकरण जिल्हा परिषदेच्या शाळेत हलवले गेले: एक वर्ग थांबण्यासाठी, एक टोचण्यासाठी, तिसरा अर्धा तास निरीक्षणासाठी, आणि तिथे तातडीच्या औषधांची पेटी. कोविशिल्ड लसीच्या कुपीत दहा मात्रा असत आणि उघडल्यावर ती चार तासांत वापरावी लागे. नऊ माणसे जमून दहावे येत नसले की आशाताई जवळच्या घरांतून एखाद्या आजीला घेऊन येत.

नागपूरच्याच नीरी या संस्थेने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून आरटी-पीसीआर चाचणी करण्याची पद्धत विकसित केली आणि मे २०२१ मध्ये आयसीएमआरने तिला मान्यता दिली. रुग्ण पंधरा सेकंद गुळणी करतो, पाणी नळीत सोडतो आणि नमुना तयार होतो. नाकात काडी घालताना समोरच्याच्या तोंडावर येणारी शिंक टळते, कर्मचाऱ्याला रुग्णाच्या जवळ जावे लागत नाही, लहान मुले रडत नाहीत. वर्षभर नाकात काड्या घातलेल्या परिचारिकेला या साधेपणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्याच्या कितीतरी आधी फाटकावरचे टेबल उचलले गेले होते. शेडमधली खोकल्याची तपासणी मात्र चालू राहिली; आता तिथे क्षयाचे संशयित रुग्ण थुंकीचा नमुना देतात. गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशी तापाच्या रुग्णाला आजही व्हरांड्यात बसवत नाहीत, आणि कूलर खिडकीबाहेरच बसतो.