स्ट्रोम्मेनच्या गाड्या

ओस्लोच्या विमानतळावर उतरलेला नवखा माणूस बहुतेकदा 'फ्लीटोगे' या जलद गाडीने शहरात येतो. आम्हीही तसेच आलो. १९९८ साली गार्डरमोएनला नवा विमानतळ उघडला, तेव्हा ताशी २१० किलोमीटर वेगाची ही गाडी सुरू झाली. तिचे पहिले सोळा संच स्ट्रोम्मेन गावात बांधले गेले. वाटेतलं लिलेस्ट्रोम स्टेशन सोडल्यावर ही गाडी साडेचौदा किलोमीटरच्या बोगद्यात शिरते आणि तिचं जन्मगाव प्रवाशाला दिसतच नाही. म्हणून त्या गावाबद्दल लिहायलाच हवं.

नॉर्वेची पहिली रेल्वे १८५४ मध्ये याच भागातून धावली. १८७३ मध्ये इथे 'स्ट्रोम्मेन्स व्हॅर्कस्टेड' हा कारखाना निघाला. पोलादाच्या ओतकामापासून रेल्वेचे डबे, ट्रॅम आणि बसपर्यंत त्याचा पसारा वाढला. १९३०च्या दशकात तिथे 'स्ट्रोम्मेन-डॉज' नावाने अमेरिकी मोटारींची जुळणीही होत असे.

पण या कारागिरांचा हात ओळखायचा, तर मायोर्स्तुएनच्या ट्रॅम संग्रहालयात जावं. तिथली 'गुलफिस्क', म्हणजे गोल्डफिश, ही ट्रॅम १९३७ची. स्काबो या दुसऱ्या नॉर्वेजियन कारखान्याच्या जोडीने ती घडवली. अंग हलक्या अ‍ॅल्युमिनियमचं, पाठीमागचा भाग माशाच्या शेपटीसारखा निमुळता. तिच्या कडेने चालत गेलं की नजर कुठे अडत नाही. रोज कामावर जाणाऱ्या माणसांची गाडीही देखणी असावी, असं कुणाला तरी मनापासून वाटलं होतं.

१९६६ मध्ये ओस्लोची मेट्रो सुरू झाली, तिचे लाल डबे स्ट्रोम्मेनचे. १९७० पासून उपनगरांतून माणसं वाहणाऱ्या 'टाइप ६९' लोकलही तिथल्याच. पुढे मालक बदलत गेले: एबीबी, अ‍ॅडट्रान्झ, बॉम्बार्डियर. आताचे मेट्रोचे डबे सीमेन्सच्या व्हिएन्नाच्या कारखान्यातून आलेले, नव्या ट्रॅम स्पेनच्या, नव्या लोकल स्वित्झर्लंडच्या कंपनीच्या. कारखान्याच्या जुन्या जागेच्या काही भागावर १९८५ पासून भलंमोठं शॉपिंग सेंटर आहे.

लोअर परळला गिरणीच्या आवारात मॉल झालेला पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नव्या गाड्या उत्तम आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण गाडी बांधणारा आणि त्याच गाडीने कामावर जाणारा एकाच गावचे असले, की कामात चोख राहण्याची एक वेगळीच जबाबदारी असते. ती कुठल्याही करारात लिहिता येत नाही. पंचावन्न लाखांच्या आसपास वस्तीच्या या देशाने ती शंभरहून अधिक वर्षं निभावली, याचा मला फार आदर वाटतो.

आपली पोरं इथल्या शाळांत शिकतात, इथल्या लोकलने फिरतात. सुट्टीच्या दिवशी त्यांना मायोर्स्तुएनला घेऊन जा आणि त्या ट्रॅम कुणी घडवल्या, तेही सांगा. हे शहर ज्यांनी उभं केलं, त्यांची ओळख पोरांना व्हायलाच हवी.